आत्याच्या डायनोराला डबा : प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४

काम : साताऱ्यात मंगळवार पेठेत आत्याकडे असलेला जुना टीव्ही पुन्हा चालू करणे. संच डायनोरा, २० इंची, रंगीत, लाकडी खोक्यातला, पुढे सरकती दारं. खरेदी १९८७ची. मुदत १७ जुलै, आषाढी एकादशी. त्या पहाटे पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्री वाहिनीवर थेट दाखवतात आणि ती आत्याला आपल्या घरात, आपल्याच टीव्हीवर बघायची आहे.

आज फक्त पाहणी केली. बटण दाबल्यावर आवाजाची खरखर लगेच आली, पडदा थोड्या वेळाने उजळला आणि सगळीकडे मुंग्या. पिक्चर ट्यूब या वयात इतकी चांगली राहिलेली क्वचित दिसते. गच्चीवरचा अँटेना अजून अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून उभा आहे. किल्ल्यावर टीव्हीचे मनोरे आहेत, आणि पेठेतल्या सगळ्या जुन्या काड्यांची तोंडं तिकडेच असायची. पण दूरदर्शनने जमिनीवरून होणारं ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने गुंडाळलं. मार्च २०२२ पर्यंत देशभरातले मोजके ट्रान्समीटर सोडून बाकीचे बंद करायचं ठरलेलं होतं. म्हणजे अँटेना ठीक, टीव्ही ठीक, हवेत मात्र काही नाही.

दादा (आत्याचा मुलगा, अमेरिकेत असतो) फोनवर म्हणाला, "अगं, ३२ इंची एलईडी घेऊन टाक, पैसे मी पाठवतो." आत्याने शेजारूनच उत्तर दिलं, "त्याला दार लावता येतं का? ह्याला येतं. दार लावलं की टीव्ही घरात नसल्यासारखा." दादाकडे यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, आणि शोधायची इच्छाही नाही. तिचं घर, तिचा टीव्ही.

टीव्ही पुढे ओढून मागची बाजू पाहिली. सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच : मागे एकच जागा आहे, अँटेनाची. पिवळं, पांढरं, लाल असं एकही भोक नाही. चपटी दोन तारांची वायर, तिच्या टोकाला छोटा बॅलन (चपटी वायर टीव्हीच्या गोल जागेत बसवणारा तुकडा). कुठलाही डबा (सेट-टॉप बॉक्स) आणला तरी त्यातलं चित्र या एकाच दारातून आत न्यावं लागणार. तेव्हा डब्याच्या जाहिराती वाचायला अजून वेळ आहे.

१४ मे

आत्याने कपाटातून एक खोकं काढून दिलं. दादाने मागे कधीतरी येताना आणलेला "कन्व्हर्टर बॉक्स". तिकडे पडून होता, इकडे उपयोगी पडेल म्हणून आणला. अडॅप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेलं वाचलं आणि प्लगजवळही नेला नाही.

हा डबा काय करतो ते लिहून ठेवते, कारण "जुन्या टीव्हीसाठी डिजिटल डबा" असं शोधलं की बहुतेक माहिती याच जातीच्या डब्याची मिळते. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी संपलं. त्याआधी तिथल्या सरकारने घरटी दोनपर्यंत, ४० डॉलरची कुपनं वाटली आणि लोकांनी हे डबे घेतले. छपरावरच्या त्याच जुन्या अँटेनातून डिजिटल लहरी डब्यात येतात, आणि डबा त्या टीव्हीला ३ किंवा ४ नंबरच्या चॅनेलवर देतो. तिकडे तो सोन्यासारखा.

साताऱ्यात तो तीन ठिकाणी अडतो. एक, त्याला ज्या पद्धतीच्या लहरी हव्यात त्या आपल्याकडे नाहीतच. अमेरिकेची पद्धत एटीएससी, आपण डीव्हीबी कुटुंबातले. दोन, तो बाहेर देतो ते चित्र एनटीएससी : ५२५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड. आपला डायनोरा पाल : ६२५ रेषा, ५० फील्ड. चित्र आलंच तर रंग उडालेलं किंवा वरखाली सरकणारं येईल. तीन, आवाज. त्यांच्या पद्धतीत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर असते, आपल्याकडे ५.५वर. म्हणजे बिनरंगी मूकपट. खोकं पुन्हा कपाटात.

युरोपीय पद्धतीचे डीव्हीबी-टी२ डबेही ऑनलाइन दिसतात. दूरदर्शनने मुंबईसारख्या काही मोठ्या शहरांत त्या पद्धतीचं प्रक्षेपण सुरू केलं होतं. साताऱ्याच्या आकाशात ते नाही. "अँटेनाला जोडा आणि बघा" असं लिहिलेला कुठलाही डबा आता यादीतून बाद.

१९ मे

आज पर्याय मांडले. त्याआधी आत्याला विचारलं, तुला नक्की बघायचंय काय? सातच्या बातम्या, सकाळचं एखादं कीर्तन किंवा भजन, आणि एकादशी. "आणि मालिका?" "मालिका मी वहिनींकडं बघते." वहिनी म्हणजे पलीकडच्या घरातल्या. "मग त्या इथं लावून देऊ का?" तर म्हणाली, "इथं एकटी बघून काय करू? मालिकेतली ती खाली काय घालती, वर काय घालती, ते बोलायला कोणतरी नको?"

या उत्तराने अर्धी निवड झाली. लोकप्रिय मराठी मालिकांच्या मोठ्या वाहिन्या पैशाच्या आहेत, त्या फुकटच्या छत्रीवर (डीडी फ्री डिशवर) येत नाहीत. आत्याला त्या घरी हव्या असत्या तर गणित वेगळं झालं असतं.

केबल : गल्लीत आहे. साताऱ्यासारख्या नगरपालिका हद्दीतल्या शहरांना डिजिटल केबलची मुदत तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ची होती. आता केबलचा डबा लागतोच. महिन्याला नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादा मे २०२४मध्ये १३० रुपये होती, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्या त्यावर वेगळ्या. त्या हिशेबाने वर्षाला साधारण १,८४० रुपये झाले. फायदा असा की पावसात छत्रीसारखा त्रास नाही आणि बिघडलं तर माणूस येतो. तोटा, डबा त्या केबलवाल्याचा, दुसरीकडे चालत नाही.

खासगी डीटीएच : चित्र उत्तम, पण रिचार्ज संपला की पडद्यावर पाटी. आत्याला मोबाइलच्या रिचार्जचाच राग आहे, त्यात आणखी एक नको.

इंटरनेटवर चालणारा अँड्रॉइड डबा : घरात वायफाय नाही. शिवाय त्याची बारीक अक्षरं जुन्या ट्यूबवर वाचता येत नाहीत. बाद.

डीडी फ्री डिश : डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याला शून्य रुपये. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, तो आपल्या मालकीचा. सह्याद्री आहेच. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात, त्यामुळे यादी बदलत राहते. एखादी आवडती वाहिनी उद्या गायब होऊ शकते. सह्याद्री दूरदर्शनचीच असल्याने आत्याच्या बाबतीत ही भीती नाही.

फ्री डिश ठरलं.

२३ मे

टीव्ही मेकॅनिक अण्णांकडे गेले. दुकानात आता पंखे आणि मिक्सरच जास्त. विचारलं, डायनोराला आतून एव्हीची (पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींची) जागा काढून देता का? म्हणजे मॉड्युलेटरची (डब्याचं चित्र अँटेनाच्या लहरींत बदलणाऱ्या यंत्राची) भानगडच नको.

अण्णांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "मॅडम, त्या काळातल्या बऱ्याच संचांची चॅसिस हॉट असते. टेस्टर लावून बघा, पेटतो. तिला डब्याची वायर जोडली की मेन लाइनचा करंट डब्याच्या पत्र्यावर. तिथनं छत्रीवर. मावशींनी पावसात छत्रीला हात लावला म्हणजे?" वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवून करता येतं, पण या वयाच्या संचात आत हात घालून काही सैल करण्यापेक्षा अँटेनाच्या दारातून जाणं बरं, असं त्यांचं मत. अँटेनाच्या जागेवर कंपनीने आधीच कपॅसिटर लावून मेनपासून तोडलेलं असतं.

मी कारखान्यात मेंटेनन्सलाच आहे, तरी अण्णांचं ऐकलं. ज्याला पिक्चर ट्यूबच्या २० हजार व्होल्टचा अनुभव आहे त्याचं ऐकावं. वाचणाऱ्यांनी मागचं झाकण उघडूच नये. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार राहतो.

निघताना अण्णा म्हणाले, "व्हीसीआर आहे का घरी? असला तर आधी त्याच्यातनं बघा. त्याच्या पोटात मॉड्युलेटर असतोच."

२६ मे

माळ्यावर व्हीसीआर होता. कॅसेटचा पट्टा सुटलाय, पण आपल्याला कॅसेट लावायचीच नाही. घरातला डीव्हीडी प्लेअर त्याच्या एव्ही इनला जोडला, व्हीसीआरचं आरएफ आउट अँटेनाच्या वायरीला, आणि वायर टीव्हीला.

आता टीव्हीला चॅनेल दाखवायचा. पुढच्या बाजूला आठ बटणं आणि खाली एक छोटं झाकण. आत प्रत्येक बटणासाठी एक बारीक चक्री आणि एक सरकती खुंटी : व्हीएल, व्हीएच, यू. पहिले दोन पट्टे व्हीएचएफचे, यू म्हणजे यूएचएफ. पूर्वी सातारच्या घरांत हे झाकण उघडायचा अधिकार एकाच माणसाला असायचा, बहुधा काकांना. आठव्या बटणाची खुंटी यूवर केली आणि नखाने चक्री फिरवत गेले. व्हीसीआर साधारण ३६व्या चॅनेलच्या आसपास देतो. बराच वेळ मुंग्या, मग मुंग्यांच्या आड हलणाऱ्या सावल्या, मग एकदम चित्र. दादाच्या लग्नाची डीव्हीडी. मुंडावळ्यांचा रंगसुद्धा नीट.

ही चाचणी खरेदीच्या आधी करणं फार महत्त्वाचं. आता निश्चित कळलं की ट्यूनर, रंगाचा भाग, आवाज सगळं जिवंत आहे. यापुढे चित्र आलं नाही तर दोष टीव्हीचा नाही.

व्हीसीआरच कायम ठेवला तर खर्च शून्य. पण तो तापतो, जागा खातो, आणि आत्याला चालू करायला तिसरं यंत्र होतं. सुटा मॉड्युलेटर घेणार.

१ जून

खरेदी. डबा आणि छत्री साताऱ्यात, मॉड्युलेटर पुण्याच्या तपकीर गल्लीतून एका सहकाऱ्याने आणला.

डबा निवडताना दुकानदार पुढे करतो तो घेऊ नये. मी काउंटरवर एकेक उलटा करून पाठ पाहिली. काही छोट्या डब्यांना फक्त एचडीएमआय असतं, ते आपल्या कामाचे नाहीत. काहींना तीन गोल भोकं असतात, ते उत्तम. काहींना ती भोकं नसून हेडफोनसारखी एक खाच असते आणि सोबत एका टोकाला तीन रंगांच्या पिना असलेली वायर मिळते. हीही चालते, पण त्याच डब्याची वायर जपून ठेवायची. या खाचेतल्या जोडण्यांचा क्रम सगळ्या कंपन्या सारखा ठेवत नाहीत. दुसऱ्याची वायर लावली की चित्र पिवळ्याऐवजी लालमधून येऊ शकतं.

दुसरी गोष्ट एमपेग, म्हणजे डिजिटल चित्र दाबून लहान करायची पद्धत. जुने स्वस्त डबे एमपेग-२वालेच. फ्री डिशवर दोन्ही प्रकारच्या वाहिन्या आहेत, आणि एमपेग-४चा डबा दोन्ही वाचतो, उलटं होत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी एमपेग-४ घ्यावा. "तुमचा टीव्ही जुना, तुम्हाला एचडी डबा कशाला?" असं दुकानदार म्हणाला. टीव्हीत एचडी दिसणार नाही हे खरं, पण डबा एचडी वाहिनी वाचून तिचं साधं चित्र एव्हीतून देतोच. टीव्हीच्या वयावरून डब्याचं वय ठरवू नये.

तिसरी गोष्ट, डब्याच्या तोंडावर चॅनेल नंबर दाखवणारी दिव्यांची पाटी. डायनोराच्या दाराआड डबा ठेवायचा नाही, वर ठेवायचा. आत्याला लांबून नंबर दिसला पाहिजे. चौथी, रिमोट. बटणं मोठी आणि सुटी हवीत. रबरी चिकटलेल्या बटणांचा रिमोट असलेला एक डबा याच कारणाने परत ठेवला, एरवी तो स्वस्त होता.

बिल : डबा १,१५० रुपये, छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचं, लहरी पकडणारं टोक) आणि स्टँड ७५०, २० मीटर आरजी-६ केबल ३००, मॉड्युलेटर ४५०. एकूण २,६५०. केबलच्या महिन्याच्या शुल्काने भागलं तर दीड वर्षाच्या आत वसूल.

२ जून

छत्री लावली. वळवाचा पाऊस दुपारी यायच्या आत.

आकडे आदल्या रात्री काढून ठेवले होते. फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, नोव्हेंबर २०१५मध्ये सोडलेला, जागा ९३.५ अंश पूर्व. सातारा ७४ अंश पूर्वेच्या आसपास. त्यावरून छत्रीची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे साधारण १३१ अंश, म्हणजे आग्नेयेला. उंचीचा कोन साधारण ५९.५ अंश. सांगलीला लावणाऱ्यांसाठी : दिशा १३०, उंची ६०.५. फरक किरकोळ.

आत्याला वाटत होतं अजिंक्यतारा आडवा येईल. नाही येत. ६० अंश म्हणजे जवळजवळ डोक्यावर, किल्ल्याचा माथा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मागच्या वाड्यातल्या नारळाची शंका मला होती. तो १० मीटरवर आहे. त्याने अडवायचं तर गच्चीच्या वर १७ मीटर उंच लागेल. तेवढा तो नाही.

छत्री बघून मात्र फसायला होतं. ऑफसेट छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. ती ६० अंशांना झुकवली तर आभाळाऐवजी सूर्याची पूजा होईल. स्टँडवरच्या कोनाच्या खुणा वापरायच्या, डोळ्याचा अंदाज नाही.

गल्लीतल्या इतर छत्र्यांकडे बघून दिशा धरायची सवय आहे लोकांना. ती कधी उपयोगी पडते, कधी नाही. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, आपल्यापासून हाताच्या अंतरावर, तिची छत्री बघितली तर आपण जवळ पोचतो. टाटा प्लेची ८३ अंशांवर, ती इथून १५२ अंशांच्या दिशेला, म्हणजे बरीच दक्षिणेकडे वळलेली. एअरटेलची १०८.२वर, ती ११४ अंशांच्या दिशेला आणि फक्त ४६ अंश उंच. शेजारच्या गच्चीवर कुणाची छत्री आहे ते विचारूनच नक्कल करावी.

मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी कठड्यापाशी वेड्यासारखं फिरतं. चार पावलं मागे येऊन दिशा घ्यायची आणि समोरच्या एखाद्या खिडकीची खूण धरायची.

एलएनबीही पिळावी लागते. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्याने इथे ती ४५ अंशांच्या किंचित वर फिरवावी लागली. ही गोष्ट बसवणारे बरेचदा सोडून देतात आणि मग क्वालिटी अर्धीच राहते.

डब्यात ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० घातलं. एलएनबीचा आकडा ९७५०. वजाबाकी करून केबलमधून खाली १३४० मेगाहर्ट्झ येतात, आणि म्हणूनच अँटेनाची जुनी वायर इथे चालत नाही. आत्या म्हणत होती, "आहे ती वायर काय वाईट आहे?" ती वायर व्हीएचएफच्या काळातली. १३४०ला तिच्यात सिग्नल वाटेतच विरतो.

पडद्यावर दोन पट्ट्या. पहिली, स्ट्रेंथ, कुठलाही उपग्रह लागला तरी वर जाते. दुसरी, क्वालिटी, बरोबर उपग्रह आणि बरोबर आकडे असतील तरच हलते. पहिलीकडे बघून नट आवळणारे पुष्कळ भेटतात. मी दुसरीकडे बघत राहिले. भाचा खालून ओरडून आकडे सांगत होता. ० बराच वेळ, मग ४०, मग ६५, एलएनबी पिळल्यावर ७८. नट आवळले.

४ जून

लोकसभा निवडणुकीच्या निकालाचा दिवस. अण्णांच्या दुकानात टीव्हीभोवती गर्दी, त्यांना काही विचारायची सोय नव्हती. आत्याकडे डबा अजून व्हीसीआरमधूनच जोडलेला, पण चालू होता. कोण पुढे, कोण मागे हे तिने दिवसभर डायनोरावर पाहिलं. वहिनीही इकडेच आल्या होत्या. मॉड्युलेटर लावायला आज वेळ नाही आणि आज कुणी वायर काढूही देणार नाही.

९ जून

मॉड्युलेटर लावला. चित्र लगेच आलं, आवाज नाही, नुसता फुसफुसाट.

कारण दहा मिनिटांत सापडलं. मॉड्युलेटरच्या पोटावर बारीक स्विच आहेत : बी/जी, डी/के, आय. तिन्ही पालच, पण आवाजाची लहर चित्रापासून वेगवेगळ्या अंतरावर : ५.५, ६.५, ६.०. कारखान्यातून तो डी/केवर येतो, चीनमध्ये ती पद्धत आहे. बी/जीवर सरकवला आणि बातमीदाराचा आवाज खोलीभर झाला.

हे घेताना विचारावं : पाल बी/जी आहे का? एनटीएससीपुरता बनवलेला मॉड्युलेटर बाहेरून हुबेहूब असाच दिसतो.

आणखी एक. डब्यातून आवाजाच्या दोन पिना येतात, पांढरी आणि लाल. मॉड्युलेटरला आवाजाची एकच जागा. फक्त पांढरी लावली. सह्याद्रीसाठी पुरेसं आहे. एखाद्या वाहिनीवर आवाज अर्धवट वाटला तर डब्याच्या मेनूत ऑडिओ "मोनो" करायचा.

मेनूत टीव्ही सिस्टीम "ऑटो" होती, ती "पाल"वर पक्की केली.

१६ जून

आज फक्त चित्राच्या आकाराचं भांडण.

डायनोराचा पडदा ४:३. २० इंच म्हणजे कर्ण. रुंदी १६, उंची १२. आताचं प्रक्षेपण १६:९. तीन रस्ते आहेत. लेटरबॉक्स : सगळं चित्र मावतं, पण १६ बाय ९ इंच, वरखाली दीड-दीड इंच काळी पट्टी. पॅन-स्कॅन : पडदा भरतो, पण डावी-उजवी बाजू कापली जाते. आणि ताणलेलं : माणसं उंच, बारीक.

मला लेटरबॉक्स बरोबर वाटतं. चित्र ज्याने बनवलं त्याने ते तसं बनवलंय. आत्याला काळी पट्टी म्हणजे टीव्ही बिघडला असं वाटतं. पॅन-स्कॅन लावल्यावर बातमीच्या पट्टीतलं पहिलं अक्षर आत गेलं. "तारा जिल्ह्यात पाऊस" असं वाचून ती हसली. आधीच जुनी ट्यूब कडेचा थोडा भाग पडद्याबाहेर नेते, त्यात हे.

भाच्याला ताणलेलं चालतं, त्याचं मत विचारात घेतलं नाही.

शेवटी लेटरबॉक्स राहिलं, पण ते माझ्या म्हणण्याने नाही. ताणलेल्या चित्रात निवेदिका "उपाशी दिसती" म्हणून ते गेलं, आणि पॅन-स्कॅन अक्षरांमुळे गेलं.

२३ जून

रिमोटचं काम. माझ्या मते डब्याची खरी निवड इथे होते, आणि दुकानात कुणी याबद्दल बोलत नाही.

आवडत्यांच्या यादीत चारच वाहिन्या ठेवल्या, सह्याद्री पहिली. डबा बंद करून चालू केला की शेवटची वाहिनी येते, म्हणून चुकून कुठे गेलं तरी परत यायचा एक रस्ता हवा. रिमोटवरची बाकीची बटणं चिकटपट्टीने झाकली : मेनू, सर्च, रीसेट, टीव्ही/रेडिओ. विशेषतः टीव्ही/रेडिओ. ते दाबलं की पडदा काळा आणि नुसता आवाज, आणि मग फोन येतात.

मेनूला पासवर्ड घातला. टीव्हीचं आठवं बटण कायम दाबलेलं, त्याला हात लावायचा नाही. आवाज टीव्हीच्या चकतीने कमीजास्त करायचा, डब्याचा आवाज एकदाच वरच्या पातळीला ठेवला. डबा, मॉड्युलेटर आणि टीव्ही एकाच बोर्डवर, त्याला एक स्विच. आत्याने आता स्विच लावायचा, दारं सरकवायची, संपलं.

नव्या वाहिन्या शोधण्यासाठी अधूनमधून पुन्हा सर्च करावा लागेल. तेव्हा आवडत्यांची यादी विस्कटू शकते, म्हणून ते काम माझ्याकडेच ठेवलं.

३० जून

पाऊस सुरू झाल्यावर क्वालिटी ७८वरून साठीत. पावसाने नाही, सांध्याने. एलएनबीच्या टोकाला पिनेत पाणी. रबरी टोपी होती, पण केबल सरळ खाली न सोडता वरून आणल्याने थेंब तिच्यावरून सांध्यात उतरत होते. केबलला एलएनबीखाली एक वेटोळं दिलं, थेंब वेटोळ्याच्या तळाशी गळतात. पीन नवी, वर सेल्फ-फ्यूजिंग टेप. परत ७६.

विजा चमकू लागल्या की बोर्डचा स्विच बंद करून केबलची पीन डब्यातून काढायची, हे आत्याला आणि वहिनींना दोघींना दाखवलं. स्टँडला अर्थिंगची तार वेगळी दिली आहे, ती विजेच्या मीटरच्या अर्थिंगलाच जोडली.

१७ जुलै

एकादशी. महापूजा दिसली, शेवटपर्यंत. क्वालिटी ७४. मी पहाटे तिथेच होते, पण पडद्याकडे कमी आणि पट्टीकडे जास्त लक्ष होतं. आत्याने दोनदा "आता बस की" म्हणून दटावलं.

२५ जुलै

प्रचंड पाऊस. दुपारी चित्राचे चौकोन झाले, मग पाटी : सिग्नल नाही. आत्याचा फोन. खिडकीबाहेर बघायला सांगितलं. समोरचं घर दिसत नव्हतं. ११ हजार मेगाहर्ट्झच्या लहरी दाट पावसात शोषल्या जातात, यात डब्याचा, छत्रीचा कुणाचाच दोष नाही. पाऊस ओसरला तसं चित्र परत आलं, काहीही न करता. हे लिहून डब्यावर चिकटवलं : "धो धो पावसात टीव्ही जातो. आपोआप येतो. कुठलंही बटण दाबू नये."

मोठी छत्री लावली तर ही वेळ कमी होईल, बंद होणार नाही. आत्याला विचारलं. तेवढ्या वेळात पोळ्या होतात, म्हणाली. ६० सेंटीमीटरचीच ठेवली.

२८ जुलै

वहिनींनाही फ्री डिश हवी आहे, केबल काढून नाही, माडीवरच्या दुसऱ्या जुन्या टीव्हीसाठी. वर जाऊन पाठ पाहिली. त्यांचा संच १९९८चा, मागे पिवळं आणि पांढरं भोक आहे, म्हणजे मॉड्युलेटर लागणार नाही. छत्रीही वेगळी नको. आत्याच्या छत्रीची एलएनबी बदलून दोन आउटची लावली की तिथून दुसरी केबल कठड्यावरून पलीकडे नेता येईल, अंतर १५ मीटरच्या आत. डबा त्यांनी स्वतः बघून आणायचा आहे. काय बघायचं ते कागदावर लिहून दिलं : पाठीला तीन भोकं, एमपेग-४, तोंडावर नंबर, सुटी बटणं.